मुलांचा लठ्ठपणा रोखणारे कुटुंब आरोग्य वर्ग : नागपुरात पैसा कसा उभा करायचा

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर मानेवाडा रोडच्या आमच्या वस्तीत महिला मंडळाच्या बायकांना घेऊन मुलांच्या खाण्यापिण्यावर, खेळण्यावर आणि झोपेवर घरच्यांसाठी वर्ग सुरू केले. आज तिसरं वर्ष आहे. पहिले आठ महिने आम्हाला कुठूनही रुपया मिळाला नाही. लोक वाईट नव्हते, चूक आमची होती. अर्जात जनजागृती हा शब्द पानापानावर होता, पण किती कुटुंबं, किती दिवस आणि किती रुपये हे कुठेच नव्हतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. देणाऱ्याला वस्तू द्यायला सोपं जातं आणि एक दिवसाचं शिबिर द्यायला त्याहून सोपं. आपलं काम मात्र वस्तूचं नाही आणि एका दिवसाचंही नाही. आई, आजी, बाबा यांच्याशी पंधरा दिवसांनी एकदा बसून बोलायचं, असं सहा महिने करायचं, तेव्हा कुठे घरातला तेलाचा हात बदलतो. हे बोलणं हिशेबात कसं बसवायचं, तेवढंच या लेखात आहे.

१. आधी वस्ती मोजा, मग पैसा मागा

सगळ्या शहराचा विचार करू नका. एक अंगणवाडी, एक शाळा आणि त्यांच्या आजूबाजूची साठ कुटुंबं घ्या. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कोणत्या घरात कोण आजारी, कोण कामाला किती वाजता जातं, हे त्यांना तोंडपाठ असतं. शाळेत मोजमाप करायचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि प्रत्येक पालकाची सही घ्या. तोंडी हो म्हटलं म्हणून पुढे जाऊ नका.

वजन आणि उंची दोन्ही मोजा. नुसत्या वजनावरून काहीच कळत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात, तेच अंगणवाडीत असतात. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे २०१५चे तक्ते आहेत. त्यात मुलगा आणि मुलगी वेगळे, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) वयाप्रमाणे पाहायचा असतो. मोठ्या माणसांचा आकडा मुलांना लावू नका. तक्ता वाचून अर्थ लावण्याचं काम डॉक्टरांचं किंवा आहारतज्ज्ञांचं. आपण फक्त बरोबर मोजायचं.

इथे आमच्याकडून एक मोठी चूक झाली. पहिल्या मोजणीला आम्ही समाजभवनात सगळ्या मुलांना एका रांगेत उभं केलं. एक बाई काटा पाहून आकडा मोठ्याने सांगत होती, दुसरी वहीत लिहीत होती. चौथीतली एक मुलगी काट्यावर चढली, आकडा ऐकून मागची दोन पोट्टी हसली. ती खाली उतरली, चपला हातात घेतल्या आणि तशीच घरी गेली. तिची आई पुढच्या वर्गाला आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मी दोनदा घरी जाऊन माफी मागितली तेव्हा आई परत आली, मुलगी मात्र त्या वर्षी काट्यावर चढली नाही. तेव्हापासून आम्ही काटा पडद्याआड ठेवतो, एका वेळी एकच मूल आत, आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, आणि चिठ्ठी घडी घालून आईच्या हातात. पडद्याचा खर्च अंदाजपत्रकात लिहा. देणाऱ्याने कारण विचारलं तर सांगा.

त्याच कारणासाठी कार्यक्रमाच्या नावात लठ्ठपणा हा शब्द ठेवू नका. आम्ही ‘कुटुंब आरोग्य वर्ग’ म्हणतो. आणि सगळ्या घरांना बोलावतो, फक्त जाड मुलांच्या घरांना नाही. एकाच गल्लीत एक मूल वयाच्या मानाने खुजं असतं आणि शेजारचं वजनदार. दोघांच्या आयांना एकच गोष्ट शिकायची असते, ताटात काय आणि किती.

अर्जात गरज सांगायला सरकारी सर्वेक्षणाचे आकडे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या वजन जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण देशभरात २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झालं. त्याच सर्वेक्षणात ३५.५ टक्के मुलं खुजी निघाली. हे दोन्ही आकडे एकत्र द्या. ‘इथे कुपोषण आहे आणि तुम्ही लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात’ हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. त्याचं उत्तर असं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत दोन्ही कुपोषणच आहे.

२. वर्गात नक्की काय होणार ते लिहून काढा

देणारा हेच पहिलं विचारतो. बारा वर्ग, पंधरा दिवसांनी एक, दीड तास. विषय फार नकोत. आमचे ठरलेले आहेत: तेल, साखर आणि शीतपेयं, डबा, भाजी-फळं, संध्याकाळची भूक, मोबाइल आणि जेवण, झोप, मैदान, बाहेरचं खाणं, पाकिटावरचं लेबल, सणवार, आणि शेवटचा वर्ग आजी-आजोबांसाठी. शास्त्रीय आधार म्हणून आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची आहार मार्गदर्शक तत्त्वं पुरतात. खेळासाठी ५ ते १७ वयाला रोज किमान ६० मिनिटं हालचाल, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा.

तेलाचा वर्ग कसा होतो ते सविस्तर सांगते, कारण पैसा मागताना मी हाच वर्ग सांगते. प्रत्येकीने घरचा तेलाचा पिपा कधी उघडला ते आठवून सांगायचं. बहुतेकींना आठवत नाही. मग घरी जाऊन पिप्यावर खडूने तारीख लिहायची, एवढाच पहिल्या दिवसाचा गृहपाठ. पुढच्या वेळी हिशेब मांडतो. पोषण संस्थेच्या दोन हजार उष्मांकांच्या ताटात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम आहे. मुलांना, मोठ्यांना थोडं कमी-जास्त धरलं तरी चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो. म्हणजे १५ किलोचा पिपा साडेचार महिने चालायला हवा. फळ्यावर हे लिहिलं की खोलीत शांतता होते. ‘बाई, आमचा तर तीन महिन्यांत संपतो,’ असं कोणीतरी म्हणतं, आणि मग तर्री, भजे, आलूबोंडे, शेवभाजी सगळं एकेक करून निघतं. कोणीही कोणाला सावजी सोडा म्हणत नाही. कढईत पळीने ओतायचं की चमच्याने मोजून, एवढीच गोष्ट असते.

साखरेच्या वर्गाला बाटलीचं लेबल आणि एक चहाचा चमचा लागतो. बहुतेक गोड शीतपेयांच्या लेबलवर १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर लिहिलेली असते. २५० मिलीची बाटली म्हणजे पाच चमच्यांच्या वर. पाच चमचे साखर काचेच्या ग्लासात टाकून मुलांच्या हातात द्यायची. बोलावं लागत नाही.

३. अंदाजपत्रक : माणसाचा मोबदला आधी, वस्तू नंतर

नवीन मंडळं इथे सगळ्यात जास्त अडखळतात. आपल्याला वाटतं, मानधन मागितलं तर लोक काय म्हणतील. मग अर्जात काटे, चटया, टी-शर्ट, बॅनर येतात, आणि आहारतज्ज्ञांना दोन महिन्यांनी यायला जमत नाही. वस्तीत फिरणाऱ्या बायकांचा वेळ फुकट धरू नका. त्या दुसऱ्याच्या घरची पोळ्या-भाकरीची कामं सोडून येतात.

साठ कुटुंबं आणि सहा महिने यासाठी आमचं गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक असं होतं:

- आहारतज्ज्ञ, १२ वर्ग, प्रत्येकी १,५०० रुपये : १८,०००
- वस्तीतल्या दोन कार्यकर्त्या, महिना ३,००० प्रत्येकी : ३६,०००
- संध्याकाळी मुलांना खेळवणारा मार्गदर्शक, महिना ४,००० : २४,०००
- खेळाचं साहित्य : ५,०००
- काटा, उंचीमापक आणि पडदा : ६,०००
- स्वयंपाकाची सहा प्रात्यक्षिकं, प्रत्येकी १,८०० : १०,८००
- ६० कुटुंबवह्यांची (घरच्यांनी रोजच्या सवयींची टिक करायची वही) छपाई : ३,६००
- जागा, चटया, पाणी : ४,२००
- प्रवास आणि फोन : ६,०००
- हिशेब आणि ऑडिट : ५,०००
- अचानक येणारा खर्च : ५,९००

एकूण १,२४,५००. म्हणजे एका कुटुंबामागे २,०७५ रुपये, महिन्याला साधारण ३४६. हा शेवटचा आकडा अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. सव्वा लाख ऐकून माणूस मागे सरकतो. एका कुटुंबाला महिन्याला साडेतीनशे म्हटलं की तो विचार करतो, ‘मी दहा कुटुंबांचं देऊ शकतो.’ आमचे पहिले तीन देणगीदार असेच आले. तुमच्या भागातले दर विचारून तुमचे आकडे बसवा, माझे उतरवू नका.

४. पैसा कोणाच्या नावावर येणार?

कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा मोबाइल नंबरवर वर्गणी घेऊ नका, अध्यक्षांच्याही नाही. दोन रस्ते आहेत.

पहिला, स्वतःची नोंदणी. महाराष्ट्रात संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हीखाली नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते, आणि आपल्या नागपुरात ते कार्यालय आहे. संस्थेला किमान सात सभासद लागतात. घटनेच्या उद्देशांत आरोग्य, पोषण, शिक्षण हे शब्द स्पष्ट असू द्या. ‘समाजकल्याण’ एवढंच लिहिलेलं असलं तर पुढे प्रत्येक देणारा हरकत घेतो. नंतर संस्थेच्या नावाचा पॅन, बँक खातं, आणि आयकर खात्याकडे १२ए व ८०जी (पहिलीने संस्थेला करसूट, दुसरीने देणगीदाराला). १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख असल्याने कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील, पण बोलताना सगळे जुनीच नावं घेतात. हे काम सीएकडून करून घ्या. नवीन संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते. ती कायम करून घेण्याची तारीख चुकवू नका.

दुसरा रस्ता, नोंदणी असलेल्या एखाद्या जुन्या संस्थेशी लेखी करार. पहिल्या वर्षी आम्ही हेच केलं, आणि तुम्हालाही हेच सुचवीन. पैसा त्यांच्या खात्यावर, खर्चाची बिलं आपली, सही दोघांची. ऑडिटच्या खर्चात त्यांचा वाटा आधीच ठरवा.

नोंदणी नसताना घरोघरी वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी घ्या. ती ठरावीक मुदतीची असते.

जुन्या संस्थेसोबत जाताना तिचं परिशिष्ट एक, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद, मागून पाहा. त्यात आजचे विश्वस्त आहेत का? आमच्या वेळी त्यात दोन नावं अशी होती, ज्यांना जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला होता. कंपनीने अर्ज बाजूला ठेवला आणि आमचे चार महिने गेले.

५. फाइलमध्ये काय हवं

हे सगळं एकदा स्कॅन करून एका पेनड्राइव्हवर आणि दोघींच्या मोबाइलमध्ये ठेवा:

- नोंदणी प्रमाणपत्र, घटना, ताजं परिशिष्ट एक
- संस्थेचा पॅन, रद्द केलेला धनादेश
- १२ए आणि ८०जीचे आदेश
- मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि विवरणपत्रं
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक (सरकारी अनुदानाला लागतोच)
- सीएसआर-१चा नोंदणी क्रमांक (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी घ्यायला)
- कार्यकारिणीचा ठराव : हा उपक्रम घेत आहोत, सह्या कोणाच्या
- शाळेचं आणि अंगणवाडीचं संमतीपत्र
- पालकांच्या संमतीपत्राचा नमुना

संमतीपत्रात मोजमाप आणि फोटो या दोन वेगळ्या ओळी ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे माहिती) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची संमती लागते. आणि कायद्याआधीही, मुलाचं नाव आणि वजन एकत्र लिहिलेला कागद देणाऱ्याकडे जाता कामा नये.

६. कोणाकडे जायचं, आणि कोणत्या क्रमाने

आधी जे फुकट मिळतं ते घ्या. तुमच्या भागातल्या महानगरपालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. झोन कार्यालयात एक पत्र द्या. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्याची तारीख मिळाली की तुमची मोजणी त्याला जोडता येते. पोषण माह सप्टेंबरात असतो आणि पोषण पंधरवडा वसंतात. २०२५च्या पंधरवड्याच्या विषयांत मुलांचा लठ्ठपणा स्वतंत्रपणे घेतला होता. त्या दिवसांत अंगणवाडीला कार्यक्रम करायचाच असतो. तुमचा वर्ग त्यांचा कार्यक्रम होऊ शकतो, आणि त्यांचे फलक, तक्ते तुम्हाला मिळतात.

आहारतज्ज्ञ कुठून आणायचे? नागपूर विद्यापीठात गृहविज्ञान विभाग आहे, एलएडी महाविद्यालयातही गृहविज्ञान शिकवतात. विभागप्रमुखांना भेटून विद्यार्थिनींच्या प्रात्यक्षिकांशी तुमचे वर्ग जोडता येतात का ते विचारा. आम्हाला दोन मुली अशाच मिळाल्या. बाजरीचे आप्पे त्यांनी शिकवले, आजही वस्तीत होतात.

मग महिला आरोग्य समिती. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात ५० ते १०० कुटुंबांमागे अशी एक समिती असते आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा अबंधित निधी (कशावर खर्चायचा ते समितीने ठरवायचं) असतो. आशाताई तिच्या सचिव असतात. रक्कम लहान आहे, पण समितीच्या बैठकीत ठराव होऊन त्यातून काटा किंवा प्रात्यक्षिकाचं सामान आलं, तर अर्जात ‘वस्तीचा स्वतःचा वाटा’ असं लिहिता येतं. मोठा देणारा हे पाहतो.

आमदार-खासदार निधीमागे वेळ घालवू नका. खासदार निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो. बागेतली व्यायामाची साधनं त्यातून येऊ शकतात, वर्गाचं मानधन येणार नाही. आम्ही यात दीड महिना घालवला.

त्यानंतर शहरातले सेवाभावी क्लब, डॉक्टरांच्या संघटना, वस्तीतले दुकानदार, निवृत्त लोक. इथे अर्ज नको, माणूस हवा. दोघीजणी जा, कुटुंबवही दाखवा, पाच मिनिटांत उठा. एका किराणा दुकानदाराने आम्हाला रोख काही दिलं नाही, पण मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे दर पंधरा दिवसांनी वर्गाला द्यायचं कबूल केलं आणि दोन वर्षं दिलं. त्याची पावती वस्तुरूप देणगी म्हणून फाडायची असते, ते विसरू नका.

शेवटी कंपन्या. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कुपोषण निर्मूलन आणि प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा हे शब्द आहेत. तुमच्या अर्जातही हेच शब्द हवेत, कारण तपासणारा माणूस यादीशी ताडून पाहतो. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालयं आहेत. बुटीबोरी आणि हिंगण्याला कारखाने आहेत. पण कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं, त्यामुळे खाणीची कंपनी आधी खाणीजवळच्या गावाचा विचार करणार. बुटीबोरीच्या कंपनीकडे जायचं तर बुटीबोरीकडच्या एखाद्या वस्तीचाही प्रस्ताव घेऊन जा.

सापळा हा, की कंपनीचा पैसा घेणाऱ्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिल्या वर्षी थेट कंपनीकडे जाऊ नका. लहान देणग्यांवर काम करा, नोंदी ठेवा. आणि अर्ज मार्चअखेर देऊ नका. कंपनी वर्षाचा आराखडा आधी ठरवते. आमचा अनुभव असा, की जानेवारी-फेब्रुवारीत भेटून आलेल्यांचीच नावं पुढच्या वर्षात येतात.

परदेशातल्या नातेवाइकांविषयी. आमच्या एका सभासदाच्या अमेरिकेतल्या पुतण्याने पन्नास हजार पाठवले. तो तिकडचा नागरिक झाला होता हे आम्ही विचारलंच नाही. परदेशी नागरिकाची देणगी म्हणजे परदेशी निधी, आणि त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतलं खातं लागतं. पैसे परत करावे लागले. मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर अडचण नाही. पासपोर्टची प्रत आधी मागा, संकोच करू नका.

७. कोणाचा पैसा घ्यायचा नाही

हा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या वर्षी एका खाद्यपदार्थ कंपनीने आमच्या वर्षभराच्या खर्चाएवढी रक्कम देऊ केली. अट एवढीच, की वर्ग संपल्यावर मुलांना त्यांची पाकिटं वाटायची आणि कुटुंबवहीच्या मागच्या पानावर त्यांचं चित्र छापायचं. बैठक तीन तास चालली. काही जणी म्हणाल्या, पैसा पैसा असतो, साठ घरांचं भलं होईल. मग आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी सभासद, जी घरोघरी पोळ्या करते, ती म्हणाली, ‘मी आयांना पाकीट सोडा म्हणू आणि पोराच्या हातात पाकीट देऊ, तर उद्या मला कोण दारात उभं करील?’ आम्ही नाही म्हटलं. त्या वर्षी आम्ही साठऐवजी छत्तीस कुटुंबं घेतली.

शीतपेयं, चिप्स, बिस्किटं, चॉकलेट, मुलांची पेयं-पावडरी यांच्याकडून पैसा, टोप्या, बाटल्या, बॅनर काहीही घेऊ नका. बाळाच्या दुधाच्या पर्यायांबाबत तर १९९२चा कायदाच आहे, जाहिरात आणि आरोग्य कार्यकर्त्यांना प्रलोभन दोन्हीला बंदी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांप्रमाणे जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. जी वस्तू शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायची, ती वर्गात कशी वाटणार? हा ठराव पहिल्याच बैठकीत करून इतिवृत्तात लिहून ठेवा, पैसा समोर नसताना.

गल्लीतल्या समोसेवाल्याशी मात्र वैर धरू नका. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तेल-साखर फलकांची (कोणत्या पदार्थात तेल-साखर किती, हे सांगणारे) बातमी झाली आणि आपल्या एम्सचं नाव सगळीकडे आलं, तेव्हा वस्तीतले ठेलेवाले घाबरले होते. ते फलक कार्यालयांसाठी होते, ठेल्यांसाठी नव्हते, हे आम्ही वर्गात समजावून सांगितलं. त्यांचीही मुलं आमच्या वर्गात आहेत.

८. दोन पानांचा अर्ज

पहिल्या पानावर: कोण, कुठे, किती कुटुंबं, किती महिने, कुटुंबामागे किती रुपये, वस्तीने स्वतः काय दिलं. दुसऱ्या पानावर: बारा वर्गांचं वेळापत्रक, अंदाजपत्रक, आणि सहा महिन्यांनी काय मोजून दाखवणार.

मुलांचं वजन कमी करून दाखवू, असं चुकूनही लिहू नका. वाढत्या मुलाचं वजन उतरवणं हे आपलं कामच नाही, ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करायचंही नाही. उंची वाढते आणि वजन सावकाश वाढतं, एवढंही खूप असतं, आणि ते सहा महिन्यांत दिसेलच असं नाही. जे घराच्या हातात आहे ते मोजा: पिपा किती दिवस चालला, आठवड्यात किती दिवस डब्यात भाजी-पोळी होती, शीतपेय किती वेळा आणलं, मूल किती संध्याकाळी मैदानात होतं, जेवताना मोबाइल बंद होता का. कुटुंबवहीत रोज एक टिक. वर्गाला आलेल्यांची हजेरी.

एका कंपनीत आम्हाला विचारलं होतं, ‘एक मोठं शिबिर घेऊन पाचशे मुलं का तपासत नाही?’ मी आमच्या एका घराची वही पुढे ठेवली. त्यात पिपा उघडल्याच्या तारखा होत्या. आधीचा तीन महिन्यांत संपला होता, पुढचा पावणेचार महिने गेला. समोरच्या बाईंनी ते पान दोनदा पाहिलं आणि स्वतःच्या घरचा पिपा आठवायला लागल्या. मंजुरी त्या दिवशी मिळाली नाही, पण पुढची भेट मिळाली.

वेळापत्रक नागपूरच्या हवेवर बेता. एप्रिल-मे मध्ये ४५ अंशांच्या उन्हात कोणी येणार नाही, मुलं मामाकडे असतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैच्या मध्यात सुरुवात केली की जानेवारीत संपतं. मध्ये तान्हा पोळा, गणपती, दिवाळी येते, त्या पंधरवड्यांत वर्ग ठेवू नका. सणाचा वर्ग सणाच्या आधी घ्या.

९. पैसा आल्यावर

स्वतंत्र बँक खातं, किंवा निदान स्वतंत्र खातेवही. प्रत्येक खर्चाला बिल, मानधनाला सहीची पावती. रोख कमीत कमी. २,००० रुपयांच्या वर रोख देणगी दिली तर देणाऱ्याला ८०जीची सूट मिळत नाही, ते आधीच सांगा. देणगीदाराचा पॅन पावतीच्या वेळीच घ्या. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरायचं असतं आणि त्यावरूनच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं. मे महिन्यात पन्नास जणांना पॅनसाठी फोन करण्याचं काम फार जड जातं.

मंजूर रकमेत एका बाबीचे पैसे उरले आणि दुसऱ्या बाबीला कमी पडले, तर पैसा फिरवण्याआधी देणाऱ्याला पत्र लिहून लेखी होकार घ्या. आमच्याकडे छपाईचे वाचले आणि खेळाच्या मार्गदर्शकाला एक महिना जास्त ठेवायचा होता. पत्राला दोन दिवसांत होकार आला. न विचारता केलं असतं तर विनियोग प्रमाणपत्रावर (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला, याचा दाखला) सीएंनी सही केली नसती.

विनियोग प्रमाणपत्र, दोन पानी अहवाल, चार फोटो. फोटोत मुलांचे चेहरे नकोत. कढई, मैदान, वह्यांचा गठ्ठा चालतो. अहवाल मुदतीच्या पंधरा दिवस आधी द्या, त्यात काय जमलं नाही तेही लिहा. पहिल्या वर्षी साठातली अकरा कुटुंबं मध्येच सुटली. बहुतेक घरी बाबांना संध्याकाळची पाळी होती आणि आईला एकटीला निघता येत नव्हतं. हे लिहिलं म्हणून दुसऱ्या वर्षी आम्हाला रविवार सकाळच्या वर्गाचे वेगळे पैसे मिळाले.

त्याच बैठकीत पुढच्या वर्षाची तारीख मागून घ्या आणि अहवालाची एक प्रत आशाताईंकडे द्या. नवीन वस्तीत काम सुरू करणारी बाई सगळ्यात आधी त्यांच्याकडेच येते.